कारळ्याची बशी

कारळ मी शनिवारच्या बाजारातून आणते,
अर्धं आईला चटणीसाठी,
अर्धं प्रयोगशाळेला.
आई विचारते, तुह्या दवाखान्यातल्या बुरशीले
मिठाशिवाय कसं जाते बाई?

कुटायचं, उकळायचं, पातळ फडक्यातून गाळायचं,
अगरमध्ये घालून बशीत ओतायचं.
ती बुरशी असेल तर कारळावर काळवंडते.
तो काळेपणाच तिचं चिलखत.
नागपूरच्या मॅडमनी शिकवलं होतं. सिंदेवाहीत
याचा उपयोग होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

यादोराव नन्नावरे, धानगिरणीचा चौकीदार.
गिरणी सात वर्षं बंद, पारवे चालू.
रोज सकाळी खराट्यानं त्यांची घाण लोटायचा,
दुपट्टा खांद्यावर, तोंडावर नाही.
डोस्कं ठणकते, म्हणाला. दोन महिने झाले. उजेड पाहावत नाही.

पाठीतून काढलेल्या पाण्याचे चार थेंब
मी काळ्या शाईत कालवले.
भिंगाखाली, शाईच्या अंधारात
एकेक कण बसलेला,
चंद्राला खळं पडावं तसं
स्वतःभोवती पांढरं कडं घेऊन.
सुंदर होतं. सांगायला लाज वाटते.

पाचव्या दिवशी बशीत तपकिरी ठिपके,
आणि त्यांच्यात तीन पांढरे.
आधी वाटलं, माझ्याच हातची घाण.
पुन्हा लावली. पुन्हा तीन.
डबा बर्फात घालून नागपूरच्या एसटीनं पाठवला,
कंडक्टरला सांगितलं, औषध आहे.

गोळ्यांनी यादोराव उठून बसला.
भातावर ताक मागितलं, पारव्यांची चौकशी केली.
तिसऱ्या आठवड्यात त्याच गोळ्या
त्याच वेळी, त्याच पाण्यासोबत,
आणि मान पुन्हा लाकडासारखी.

चिठ्ठी आली ती त्याच्या तेरवीच्या दिवशी.
पांढरीही तीच बुरशी, लिहिलं होतं.
फक्त तेराव्या गुणसूत्राच्या दोन प्रती.
त्यानं रंग उतरतो, उंदरात टोचली तर मवाळ पडते.
शेवटच्या नमुन्यातली मात्र पहिल्याची जास्तीची प्रत बाळगून,
म्हणून गोळीला दाद देईना.
गोळी थांबली की ती प्रत टाकून देते,
पाऊस गेल्यावर मेणकापड खुंटीला लावावं तशी.

तेरावं आणि तेरवी. योगायोग.
बुरशीला दिवस मोजता येत नाहीत.

तहसीलसमोर माझा भाऊ झेरॉक्स काढतो.
मी त्याला विचारलं, एकाच कागदाच्या दोन प्रती झाल्या
तर कागदात काय बदलतं?
काही नाही, म्हणाला. दोन रुपये.
अक्षर तेच. काना, मात्रा, शिक्का, सही तीच.
मग एवढ्यानं विष कसं उतरतं?
एवढ्यानं कसं चढतं?
आई चुलीपासून म्हणाली, वरणात मीठ दोनदा पडलं
तर मीठ बदलते का?

संध्याकाळी यादोरावची बायको दुकानात आली,
मृत्यूचा दाखला, पाच प्रती.
यंत्रानं सहा काढल्या.
भावानं सहावीचे पैसे घेतले नाहीत.
तिनं ती वेगळी घडी घालून
ब्लाउजमध्ये ठेवली.
कशाला, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कपाटाच्या मागच्या फळीवर
जुनी बशी सापडली, फेकायची राहिलेली.
तिन्ही पांढरे ठिपके वाढून रुपयाएवढे.
त्यातल्या एकाच्या कडेला
बारीक, तपकिरी पाचर,
भाकरीच्या काठाला डाग पडावा एवढी.
तिथं कुणीतरी
जास्तीचं तेरावं खाली ठेवलं होतं
आणि हलकं होऊन पुन्हा काळं व्हायला लागलं होतं.

मी वहीत तारीख लिहिली.
हात धुतले, दोनदा.
कारळ संपलं होतं.